हाबीस, आरिया आणि वरचं तळं

सयाजी कापसे यांचं आडनाव कापसाचं आणि उभा जन्म गेला लोखंड उचलण्यात. चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं क्रेन चालवली. क्रेन म्हटलं की रस्त्यावरची पिवळी, लांब मानेची डोळ्यांपुढे येते; ही तसली नव्हे. ही शेडच्या छताखाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रुळांवर आडवी पसरलेली, आणि तिच्या पोटातून खाली लोंबणारा एक हुक. चालवणारा वर बसत नाही. वरून वायरीला लटकणारा बटणांचा डबा हातात धरून तो खालीच असतो आणि उचललेल्या पाच टनांच्या मागोमाग चालत जातो, म्हैस ओढ्यावर नेल्यासारखा.

हुक जास्तीत जास्त आठ मीटर वर जायचा. तिथे एक खटका होता. हुक त्याला टेकला की क्रेन गप्प. खटक्याच्या बरोबर वर छताचा एक पत्रा पारदर्शक होता आणि सकाळी दहाच्या सुमारास त्यातून उन्हाचा एक चौकोन शेडमध्ये उतरायचा. त्यात धूळ अशी तरंगत असे की जणू तिला कुठे जायचं नाही आणि कुठली शिफ्टही नाही. सयाजीरावांना तेव्हा हमखास वाटायचं, की हा हुक एक दिवस खटक्यापाशी थांबणार नाही. तसाच वर जाईल, पत्र्यातून अलगद बाहेर पडेल, पाच टनांची डाय, म्हणजे पोलादी साचा, घेऊन चाकणच्या चिमण्यांच्या वरून, कंपन्यांच्या निळ्या शेडांवरून, पिसासारखा. हे स्वप्न त्यांना उभ्याउभ्या आणि उघड्या डोळ्यांनी पडत असे. तरी एकतीस वर्षांत एक अपघात नाही, कारण स्वप्न कितीही वर गेलं तरी त्यांची नजर ज्योतीरामच्या हातावर असायची.

ज्योतीराम त्यांचा खलाशी. भार नेमका कुठे टेकतोय हे क्रेनवाल्याला दिसत नाही, मध्ये घराएवढा प्रेस उभा असतो. पलीकडे उभा राहून खलाशी हाताने सांगतो आणि क्रेनवाला तसं करतो. बोट वर करून गोल फिरवलं, की उचल. बोट खाली करून फिरवलं, की सोड. पंजा आडवा धरला, की थांब. आणि दोन्ही हात डोक्यावर हलवले, की जिथे असशील तिथे ताबडतोब थांब. हे शेवटचं मात्र खलाशानेच करायला हवं असं नाही, झाडूवाल्याने केलं तरी मानायचं. जुने खलाशी सोबत तोंडानेही ओरडत. ‘हाबीस’ म्हणजे उचल, ‘आरिया’ म्हणजे सोड. हे शब्द कुठून आले ते कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं. एका साहेबाने ते इंग्रजी असावेत असं सांगितलं होतं, पण तो साहेब सगळंच इंग्रजी असावं असं सांगायचा.

या कायद्यात एक कलम आणखी होतं. हाताने काहीच सांगितलं नाही, तर भार आहे तिथेच. ज्योतीरामने कान खाजवायला हात खाली घेतला, तरी पाच टन हवेत थांबून त्याच्या कानाची वाट बघत.

ही सवय सयाजीरावांच्या इतकी अंगात भिनली, की घरीही ते कुसुमताईंच्या हाताकडे बघूनच जगत. पोळी वाढताना त्या हात पुढे करत, हे ताट पुढे करत. त्यांनी पंजा आडवा धरला की हे बोलायचं थांबत. त्यांचा संसार सुखाचा का झाला याचा फार खोल विचार करायची गरज नाही.

कुसुमताईंनी बावीस वर्षं कासारवाडीत, स्टेशनजवळ, खानावळ चालवली. दोन खोल्या, पंचवीस डबे, आणि जेवायला बसणारी दहा-बारा माणसं. स्वयंपाकघराला एक खिडकी होती आणि खिडकीपासून दीड हातावर शेजारच्या इमारतीची भिंत. बावीस वर्षांत त्या खिडकीतून त्यांना दोन मोठ्या घटना दिसल्या. एकदा भिंतीला पिवळा रंग दिला गेला आणि एकदा गुलाबी.

त्यांच्याकडे चार वर्षं ठाकूर नावाचा हिमाचलचा एक वेल्डर जेवायला होता. तो आपल्या गावाच्या वरच्या तळ्याबद्दल बोलायचा. बोलण्यापेक्षा मांडून दाखवायचा. ताटात भाकरी उभी करायची, तिच्यामागे आमटीची वाटी ठेवायची. “भाभीजी, ये पहाड़, और ये पीछे हमारा ताल. रोटी चढ़े बिना कटोरी नहीं दिखती.” सगळी खानावळ वाकून बघायची. मग तो डोंगर खायचा, तळं प्यायचा आणि शिफ्टला निघून जायचा. ठाकूर नंतर कुठल्या गावी, कुठल्या कंपनीत गेला, काही पत्ता राहिला नाही. पण कुसुमताईंच्या डोक्यात भाकरीच्या मागची ती वाटी राहिली. या बाईने नवऱ्याकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. मिक्सरसुद्धा त्यांनी स्वतःच आणला. एवढं एकच त्या अधूनमधून म्हणत, पोळी लाटता लाटता, कुणाला उद्देशून नाही असं: “एकदा ते तळं बगायचं हाय.”

पुढे खानावळ बंद झाली. निगडीत फ्लॅट झाला, तिथल्या खिडकीतून तर चक्क झाड दिसू लागलं. पण बावीस वर्षांच्या फोडण्या छातीत बसल्या होत्या. दोन जिने चढल्या की कुसुमताईंना दम लागे. डॉक्टरांनी सांगितलं, फिरा, प्रवास करा, फक्त चढ चढायचा नाही. म्हणजे तळं मिळालं, भाकरी बंद झाली.

सयाजीराव निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना शाल, श्रीफळ आणि घड्याळ दिलं. आता वेळ बघायची गरज उरली नाही त्याच दिवशी. आणि लेकीने, पुनमने, ड्रोन दिला. “बाबा, आता हे चालवा.”

सयाजीरावांनी तो आधी किचनच्या काट्यावर ठेवला. दोनशे एकोणपन्नास ग्रॅम. पाव किलोला एक ग्रॅम कमी. कासारवाडीचा कुठलाही भाजीवाला इतक्या अचूकपणे मापात मारत नाही. पाच टनांवरून हा माणूस मूठभर शेंगदाण्यांवर आला होता. त्यांनी सगळी माहितीपुस्तिका चष्मा लावून वाचली, आणि एका ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं. किती उंचीवरून उडवता येईल: समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर.

“कुसुम,” ते हळूच म्हणाले, “ह्याचा खटका चार हजारावर हाय.”

निगडीच्या आसपास उडवायची सोय नव्हती. सरकारी नकाशावर तिथे लाल-पिवळे डाग होते. म्हणून दर रविवारी दोघं राजगुरुनगरच्या पलीकडे एका माळावर जाऊ लागली. तिथे असं लक्षात आलं, की उन्हात फोनचा पडदा सयाजीरावांना मुळीच दिसत नाही. चष्मा लावला तर चष्मा दिसतो. मग त्यांनी आपल्या पद्धतीने तोड काढली. फोन आणि हातातला कंट्रोल यांना जोडणारी वीतभर वायर काढून टाकली आणि त्या जागी दोन मीटरची लावली. फोन कुसुमताईंच्या हातात. त्यांच्या डोक्यावरून पदर असा ओढलेला, की पडद्यावर सावली पडावी. त्या पडदा बघणार, उजव्या हाताने खुणा करणार, आणि सयाजीराव फक्त त्या हाताकडे बघून उडवणार. जगात ड्रोन उडवणाऱ्या माणसांपैकी ड्रोनकडेही न बघणारा आणि पडद्याकडेही न बघणारा हा एकटाच असावा.

पुनम एकदा सोबत आली होती. ती गवतावर बसून हसून हसून आडवी झाली.

“बाबा, तुम्ही तोंडाने ‘पोंऽऽ’ काय करताय?”

“भार हलवायच्या आधी भोंगा द्यायचा असतो.”

“कुणाला? इथं कुणी नाहीये.”

“न्हाई कसं? तुझी आई हाय ना.”

कुसुमताईंना खुणा शिकायला तीन रविवार लागले. ज्योतीरामला तीन वर्षं लागली होती, असं सयाजीराव सांगत आणि ज्योतीरामला ते फोन करूनही सांगत. बोट गोल फिरलं की ‘हाबीस’, आणि ते चिमुकलं यंत्र गुणगुणत वर. कुसुमताईंना पडद्यावर माळ दिसे, माळावर दोन ठिपके दिसत, त्यातला एक आपण हे कळून त्या लाजत. व्हिडिओ वगैरे काढायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. एकदाच पुनमने तिच्या हाताने काढला होता, तेवढाच.

एका रविवारी, बॅटरी संपून यंत्र खाली बसल्यावर, सयाजीराव म्हणाले, “भाकरीवरून ह्याला नेलं तर?”

कुसुमताईंना पुढचं सांगावं लागलं नाही.

निगडीच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहली यशवंतराव काढत. निवृत्त शिक्षक. गळ्यात शिट्टी, खिशात बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आणि सोबत हजेरीची वही. यंदा हिमाचल ठरलं होतं, पण भलत्याच रस्त्याने. कुसुमताईंनी त्यांच्याकडे तीन वेळा पुरणपोळ्या पाठवल्या. पहिल्या वेळी यशवंतरावांनी नकाशा काढला, दुसऱ्या वेळी रस्ता बदलला आणि तिसऱ्या वेळी ठाकूरच्या गावाच्या वरचा भाग ड्रोनसाठी हिरव्या पट्ट्यात येतो की नाही याची स्वतः चौकशी करून तसं वहीत लिहून ठेवलं.

चार दिवस हळूहळू उंची घेत, पाचव्या सकाळी संघाची छोटी बस एका कुरणात येऊन थांबली. रस्ता तिथेच संपत होता. यशवंतरावांनी जाहीर केलं: “तीन हजार नऊशे मीटर. कुणी पळायचं नाही, कुणी गायचं नाही.” समोर दगड-मातीचा एक उभा बांध होता, तीसेक मजली इमारतीएवढा. भाकरी. आणि तिच्यामागे, वाटाड्या म्हणाला, ताल.

यशवंतरावांनी एकेकाचं बोट धरून हजेरी घेतली. अठ्ठ्याऐंशी, जा. नव्वद, वा. कुसुमताईंच्या बोटावर ब्याऐंशी आलं. त्यांनी बोट बदललं. ब्याऐंशीच.

“कुसुमताई, तुम्ही इथेच. चालायचंसुद्धा नाही.”

“मी कुटं म्हणतेय चालते?” कुसुमताई म्हणाल्या आणि सतरंजी अंथरून बसल्या. “तुमी जावा. आमी आमच्या गाडीने येतो.”

दुपारी बस परत फिरणार होती. पुन्हा या उंचीवर डॉक्टर येऊ देणार नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते बोलत नव्हती. आज तळं दिसलं तर दिसलं.

मंडळी वाटाड्यामागून चढू लागली. त्यांचे रंगीबेरंगी स्वेटर हळूहळू लहान होत गेले. मागे उरली शांतता. ती चाकणला मिळत नाही. चाकणला मशीन बंद पडलं की जी असते ती शांतता नसते, ती काळजी असते. ही वेगळी होती. तिच्यात आपल्याच कानातलं रक्त वाहताना ऐकू येत होतं. ढगांच्या सावल्या कुरणावरून सरकत होत्या, कुणीतरी अतिशय निष्णात क्रेनवाल्याने वरून चालवाव्यात तशा, झोका न देता. सयाजीरावांना क्षणभर वाटलं, आपण पारदर्शक पत्र्याच्या वर येऊन बसलो आहोत आणि शेड कुठेतरी खाली राहिली आहे.

“बसलात काय? बॅटरी निवतीय,” कुसुमताई म्हणाल्या. थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून त्यांनी ती सकाळपासून शालीच्या आत, पोटाशी धरली होती. कढत पुरणासारखी ती त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवली.

सयाजीरावांनी पंखे तपासले, वायर तपासली, इकडे तिकडे बघून भोंगा दिला. पोंऽऽ. लांबवर एका मेंढीने मान वर केली.

कुसुमताईंचं बोट गोल फिरलं.

ड्रोन वर निघाला, पण त्याचा आवाज बदलला होता. राजगुरुनगरला तो गुणगुणायचा. इथे त्याचा सूर चढला, किंचित केविलवाणा झाला. सयाजीरावांचा कान एकतीस वर्षं मोटारींवर तयार झालेला. भार पाव किलोचाच, पण धरायला हवा नाही.

“हवा पातळ हाय,” ते म्हणाले.

“आमटीत पानी वाढवल्यागत,” कुसुमताई पदराखालून म्हणाल्या. “जरा सांभाळून घ्या. हाबीस.”

बोट फिरत राहिलं. वीस मीटर, चाळीस, साठ. बांधाची दगडी छाती पडद्यावरून खाली सरकत असावी, कारण कुसुमताई श्वास रोखून होत्या आणि मध्येच “खडक… खडक… गवत… अगं बाई, फूल,” असं पुटपुटत होत्या. माथ्यावर वारा असणार हे सयाजीरावांना बोटांच्या पेरांत कळत होतं; यंत्र दोरीवरच्या कपड्यासारखं ओढ घेत होतं. माथ्याला एका हाताचं अंतर उरलं आणि कुसुमताईंचा पंजा फाडकन आडवा झाला.

सयाजीराव थांबले. भार हवेत.

“काय झालं?”

“थांबा म्हणतायत.”

“कोण?”

“आपलीच मानसं. वर पोचलीत. दोन्ही हात हलवतायत.”

माथ्यावर संघाची मंडळी पोचली होती आणि ड्रोन दिसताच त्यांना भरून आलं होतं. सगळ्यात पुढे इंदुताई, निगडीत कधी कुणाला हात न करणाऱ्या, आता दोन्ही हातांत शाल धरून डोक्यावर गरागरा फिरवत होत्या. बाकीचेही दोन्ही हात वर करून हलवत होते. क्रेनच्या भाषेत याचा अर्थ एकच होता, आणि तो कुणीही सांगितला तरी मानायचा होता.

“काहीतरी बगितलं असंल त्यांनी,” सयाजीराव गंभीरपणे म्हणाले. “धोका असंल. थांबू.”

थांबले. ड्रोन त्यांच्यासमोर थांबला हे बघून वरच्या मंडळींचा आनंद दुणावला. आपल्यासाठी थांबला म्हटल्यावर ते आणखी जोरात हलवू लागले. ते जितके हलवत तितका हा थांबे, आणि हा जितका थांबे तितके ते हलवत. पाव किलोचं यंत्र वाऱ्यात दात ओठ खात उभं होतं. असं एक मिनिट गेलं, दोन गेली. बॅटरी चौसष्ट टक्के, साठ, पंचावन्न.

“अहो, ते हसतायत,” कुसुमताई म्हणाल्या.

“हसत असले तरी नियम…”

“नियम कंपनीत. त्यांना खूण-बिण काय म्हाईत न्हाई. इंदुताईंना तर साधा गॅस बंद करता येत न्हाई.”

दोन्ही हात हललेले असताना भार पुढे नेणं, हे सयाजीरावांनी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. त्यांनी बायकोच्या पंजाकडे बघितलं. पंजा आडवा होता. मग तो हळूच वळला, बोटं मिटली, एक उघडलं आणि गोल फिरलं. माळावर फिरायचं तसं नाही. फार सावकाश, कढईत काहीतरी लागू नये म्हणून ढवळावं तसं.

खलाशी सांगतोय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. सयाजीरावांनी ड्रोन माणसांच्या डोक्यावरून न्यायचा नाही म्हणून डावीकडून वळसा दिला, माथ्यावर चढवला आणि पुढे झुकवला.

आणि कुसुमताईंचा हात खाली आला.

तो त्यांच्या मांडीवर येऊन पडला, उताणा, अर्धवट उघडा, वाढून झाल्यावर पडतो तसा. कुठलीच खूण नाही. म्हणजे भार आहे तिथे. सयाजीरावांनी अंगठे स्थिर केले आणि वाट बघितली.

त्यांना तळं दिसत नव्हतं. त्यांना हात दिसत होता. मनगटावर कढईचा एक जुना डाग, दोन हिरव्या बांगड्या, तळव्यावर रेषा. आणि पदराच्या सावलीत चेहरा. या चेहऱ्यावर त्यांनी पिवळी भिंत बघितली होती, गुलाबी भिंत बघितली होती. आता त्याच्यावर खालून कसलासा उजेड पडला होता आणि तो हलत होता, पाण्याचा पडतो तसा. फोनचा असेल. पण फोन तर निगडीतही असतो, तेव्हा तो असा पडत नाही. कुसुमताईंचे ओठ किंचित उघडे होते. दम लागलेला नव्हता. कित्येक वर्षांत प्रथमच सयाजीरावांना त्यांचा श्वास ऐकू येत नव्हता, आणि तो चालू आहे हे दिसत होतं.

वरून ढगाची एक सावली आली, दोघांवरून गेली, बांधावर चढली आणि पलीकडे उतरली. ती आता तळ्यावर पोचली असेल, सयाजीरावांनी हिशोब केला, आणि त्याच क्षणी कुसुमताईंच्या चेहऱ्यावरचा उजेड मंद झाला, मग पुन्हा वाढला. त्यांना फार बरं वाटलं. आपलं गणित जुळलं म्हणून.

हातातला कंट्रोल कुरकुरू लागला. बॅटरी कमी. आता पडद्यावर सूचना येते, परत बोलवू का म्हणून, आणि काही सेकंदांत ड्रोन आपला आपण परत फिरतो. सूचना आलीही. पण फोनवर मध्येच काही उपटलं की वरची फुली दाबायची, हे पुनमने आईला जाहिरातींसाठी शिकवून ठेवलं होतं. कुसुमताईंनी नजर न हलवता अंगठ्याने फुली दाबली. डास मारावा तशी.

बावीस टक्के. सयाजीरावांना कुरकुर ऐकू येत होती. एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं: “कुसुम, बॅटरी.” तो शब्द त्यांच्या जिभेवर आला आणि तिथेच राहिला. पडलं तर पडू दे तळ्यात, त्यांना वाटलं. एकतीस वर्षं आपण भार जपला. आज भार पाव किलोचा हाय, आणि उचललंय त्याहून पुष्कळ जास्त.

ते थांबले.

किती वेळ, ते वहीत लिहायला यशवंतराव खाली नव्हते. मग मांडीवरचा हात आपणहून उठला. कुसुमताईंनी दीर्घ श्वास घेतला, बोट खाली केलं आणि सावकाश फिरवलं.

“आरिया,” त्या म्हणाल्या. “आना त्याला घरी. दमलं असंल.”

नऊ टक्क्यांवर यंत्र बांधावरून अलीकडे आलं. पातळ हवेत उतरताना त्याला पकड मिळेना. ते डुलत, डगमगत आलं, शेवटचे दोन मीटर सरळ पडलंच आणि गवतात उलटं झालं. एक पंखा मोडला. सयाजीरावांनी ते उचलून शालीत गुंडाळलं.

मंडळी तासाभराने खाली आली, लाल गालांची आणि आनंदाने बडबडणारी. सगळ्यांत आधी इंदुताई. “आम्ही हात केला ते आलं ना? दाखवा की व्हिडिओ.”

फोन हातोहात फिरला. माळ होता, पुनमने काढलेला. तळं नव्हतं.

“सयाजीराव, अहो, ते बटण नाही का दाबलंत? कंट्रोलवर असतं की. लाल.”

सयाजीरावांनी कंट्रोल उलटा करून बघितला. होतं. लाल बटण. मंडळी त्यांच्याकडे बघत राहिली आणि ते त्या बटणाकडे.

“लाल बटण,” ते शेवटी म्हणाले, “भार हवेत असताना दाबायचं नसतं. लाल म्हणजे सगळं बंद.”

कुणी हसलं नाही. फक्त इंदुताई म्हणाल्या, “अगं बाई,” आणि मग सगळ्यांना एकदमच कळलं, की या माणसाने तळं बघितलेलंच नाही. पडदा बायकोकडे होता, व्हिडिओ नाही, आणि तो तर खाली तोंड करून सतरंजीवर बसला होता.

सयाजीरावांनाही ते तेव्हाच कळलं. संध्याकाळी हॉटेलवर दोघांनी मिळून बघायचं, असं त्यांनी मनात धरलं होतं. जेवण झाल्यावर, पांघरुणात पाय घेऊन. कुसुमताईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्या एकट्याच जेवल्यासारखा चेहरा त्यांचा झाला.

“मला वाटलं दिसतंय म्हंजी राहतंय,” त्या म्हणाल्या.

यशवंतरावांनी घड्याळ बघितलं, वही बघितली, आणि मास्तरी आवाजात म्हणाले, “सयाजीराव, तुमचं सकाळी नव्वद होतं. बस मी तासभर थांबवतो. वाटाड्या आहे. जाऊन बघून या.”

“व्हय, जावा,” कुसुमताई लगेच म्हणाल्या. “मी बसते हितं.”

सयाजीराव उठले. बांधाकडे दहा पावलं गेले. वरती निळं आभाळ बांधाला टेकलं होतं. तासाभराचं काम. ते उभे राहिले, थोडा वेळ बघत राहिले आणि परत फिरले. सतरंजीवर कुसुमताईंच्या शेजारी, मांडी घालून बसले.

“का हो?”

“तू सांग.”

“अहो, डोळ्यांनी बगा की. सांगन्यात काय?”

“डोळ्यांनी नुसतं तळं दिसंल, तू बगितलेलं न्हाई. तू सांग. आधी काय दिसलं?”

कुसुमताईंनी विचार केला. “आधी काईच न्हाई. नुसता उजेड. मला वाटलं फोन बिघडला.”

“मग?”

“मग तो उजेड खाली बसला आन त्याचं पानी झालं.”

“केवढं? आपल्या शेडएवढं?”

“तुमची शेड आत टाकली तर बुडबुडा येनार न्हाई. आन काठाला दोन घोडी होती. पान्यात गुडघ्यापर्यंत. पीत नव्हती, नुसती उभी होती. पांढरं होतं ते शेपूट हलवायचं, की पान्यातलं बी हलवायचं, पन जरा मागनं.”

“मागनं?”

“मागनं. म्हंजी आधी वरचं, मग खालचं.”

सयाजीरावांनी डोळे मिटले. “सावकाश,” ते म्हणाले. “घोड्यापाशी थांब जरा.”

यशवंतराव बोलवायला आले होते. ते स्वतःच्या डोळ्यांनी, काठावर उभं राहून, पंधरा मिनिटं तळं बघून आले होते आणि त्याची उंची, लांबी, रुंदी त्यांच्या वहीत होती. त्यांनी घसा खाकरला. कुसुमताईंनी त्यांच्याकडे न बघता पंजा आडवा धरला.

यशवंतरावांनी वही मिटली. मग ते सतरंजीच्या कडेला टेकले.

“घोडी होती?” ते हळू आवाजात म्हणाले. “कुठल्या बाजूला?”